सोफ्यावरचा ऑक्टोबर

आमच्या गावात भिंतीवर कॅलेंडर नसलं तरी चालतं. कुणाच्याही बैठकीच्या खिडकीतून आत डोकवावं आणि सोफा बघावा. लाल बदामांच्या उशा दिसल्या की फेब्रुवारी, ससे दिसले की ईस्टर जवळ आला, अमेरिकेच्या झेंड्यावरचे तारे आणि पट्टे दिसले की जुलै, आणि भोपळे दिसले की मका कापायला आला. माझ्या बायकोकडे, लव्हॉनकडे, अशा शोभेच्या त्रेसष्ट उशा आहेत. पन्नास वर्षांच्या संसारात त्यातल्या एकीलाही मी पाठ टेकलेली नाही. परवानगीच नाही. बसायचं तर उशा उचलून बाजूला ठेवायच्या, उठताना पुन्हा मांडायच्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर हाताच्या कडेनं एक फटका मारायचा, म्हणजे तिचे वरचे दोन कोपरे कानांसारखे ताठ उभे राहतात. मी जन्मभर हार्वेस्टर दुरुस्त केले, पण तो फटका मला कधी जमला नाही. म्हणून मी आपला स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीवर बसतो.

सप्टेंबरातला लेबर डे झाला की भोपळे वर यायचे, हा लव्हॉनचा नियम. यंदा त्याच दिवशी ती तळघरातून उशांचा पेटारा घेऊन वर येत होती आणि तिसऱ्या पायरीवरून घसरली. हातात आठ उशा, आणि पडली ती नेमकी उघड्या सिमेंटवर. खुब्याचं हाड मोडलं.

"एवढ्या उशा जन्मभर जपल्यास, आणि वेळेला एकही कामाला आली नाही," मी दवाखान्यात तिला म्हणालो.

"हसवू नको रे मेल्या," ती म्हणाली, "दुखतंय."

ऑपरेशन झालं, नवा खुबा बसला आणि चालायला शिकण्यासाठी तिला शेजारच्या गावातल्या केंद्रात सहा आठवडे ठेवलं. तेवढ्यात आमच्या लेकीनं, जनेलनं, डी मॉइन शहरात तिच्या घराजवळ आमच्यासाठी एक अपार्टमेंट शोधून काढलं. लिफ्ट आहे, जिना नाही, जेवणाची घंटा होते. जनेल शाळेत मुख्याध्यापिका आहे; ती चष्म्यावरून बघायला लागली की शहात्तर वर्षांचा मीसुद्धा सरळ बसतो. वाईट मुलगी नाही ती. वाईट असती तर भांडणं सोपं गेलं असतं.

"शनिवारी मी ममला घरी आणते," तिनं फोनवर सांगितलं. "घर चालतंय असं दिसलं तर राहा. नाही दिसलं तर रविवारी मी तुम्हा दोघांना घेऊनच निघणार. डॅड, मला चार तासांवरून रोज रात्री काळजी करत झोपायचा कंटाळा आलाय."

तिचं चूक नव्हतं. पण लव्हॉनला घंटा वाजल्यावर जेवायचं नव्हतं, तिला तिच्या घरात मरायचं होतं, आणि त्याआधी बरीच वर्षं जगायचं होतं. मलाही.

बुधवारी सकाळी लव्हॉनचा फोन आला.

"सोफ्यावर काय आहे?"

"उशा."

"कुठल्या?"

मी वाकून पाहिलं. "ताऱ्यांच्या."

"हार्लन, ऑक्टोबर अर्धा झाला."

"ठाऊक आहे मला. फ्रीज घासलाय, गोळ्या लावल्यात, न्हाणीघरात धरायला दांडे ठोकलेत—"

"दांडे कोण बघतंय? जनेल दारातून आत आली आणि तिला सोफ्यावर जुलै दिसला, तर माझी बॅग ती गाडीतून खाली उतरवणार नाही. लहानपणापासून ती सोफा बघत आलीये. सोफा चुकला म्हणजे मम संपली, असंच तिला वाटणार. आणि बर्डीनाला कळलंय का?"

बर्डीना म्हणजे आमच्या समोरची विधवा, वय एक्याऐंशी. "बर्डीनाला काय कळत नाही?" मी म्हणालो.

"मग तर झालंच," लव्हॉन म्हणाली. "पेटारा वर आण. आणि मला फोन कर."

पेटारा जिन्याखाली तसाच पडला होता. पडताना झाकण तडकलं होतं आणि सप्टेंबरच्या पावसात तळघर झिरपलं होतं. झाकण काढलं तर आतून ओल्या कुत्र्याचा वास आला. मखमली भोपळे तीन, टिकल्यांचं पान एक, गोणपाटाच्या उशा दोन, लोकरी कापडाची टर्की कोंबडी एक, आणि सगळ्यात खाली लव्हॉनच्या आईनं लोकरीच्या भरतकामानं काढलेला फेझंट पक्षी. त्या उशीच्या आत म्हातारीच्या स्वतःच्या बदकांची पिसं होती. आठही जणी दमट, आणि गोणपाटाला तर काळे ठिपके.

मी सगळ्या मोरीत नेल्या, नळ सोडला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"पहिली गोष्ट," लव्हॉन म्हणाली, "कशालाच पाणी लावू नकोस."

मी नळ बंद केला.

"शिवणीत पांढरी चिठ्ठी असते, ती वाच."

"ही काढणं बेकायदेशीर आहे, असं लिहिलंय."

"ती नव्हे. धुण्याची."

"ती कुणीतरी कापून टाकलीय."

"मीच कापली. टोचायची."

"टोचायची? कुणाला? तिला टेकतं कोण?"

"व्हिनेगर!" मागून कुणीतरी किंचाळलं. ती हेन्रिएटा, लव्हॉनच्या खोलीतली, वय वर्षं एक्याण्णव, कानानं बहिरी पण ऐनवेळी सगळं ऐकणारी.

"हेन्रिएटा म्हणतेय व्हिनेगर," लव्हॉन म्हणाली.

"माझ्या उशांनी तिला काय केलंय?"

"ती सगळ्यालाच व्हिनेगर सांगते. काल डॉक्टरलाही सांगितलं. तू अभ्रे काढ आधी. चेन उघड, आतली उशी बाहेर काढ, आणि धुण्याआधी चेन परत लाव, नाहीतर दाते वाकतात."

चेन आणि दाते म्हटल्यावर मला जरा हुरूप आला. ही भाषा माझी होती. मग पांढरं फडकं ओलं करून प्रत्येक अभ्र्याच्या मागच्या कोपऱ्याला दाबून बघायचं, रंग सुटतो का म्हणून. टर्कीचा लाल तुरा सुटला. म्हणजे तिला आंघोळ नाही, नुसतं थंड पाण्यानं टिपायचं. टिकल्यांचं पान उलटं करून बादलीत हातानं हलकेच दाबायचं, पिळायचं नाही. गोणपाट कोरड्या ब्रशनं झाडायचं, मग ठिपक्यांवर व्हिनेगरचं पाणी. हेन्रिएटाला हे कळल्यावर तिनं टाळ्या वाजवल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

भोपळ्यांपाशी मी अडकलो.

"हार्लन, तू घासतोयस."

"नाही."

"मला ऐकू येतंय. मखमल घासायची नाही, टिपायची. लव एका बाजूला बसते, उलटी फिरवलीस तर टक्कल पडल्यासारखी दिसते." ती थोडी थांबली. "तुझ्या त्या जुन्या हिरव्या गाडीचं बॉनेट पुसायचास ना? त्या हातानं कर. मला हात लावायला विसरायचास, पण त्या बॉनेटला—"

"अगं, मग आधी तसं सांगायचं ना!"

किटलीच्या वाफेवर भोपळा धरला, मऊ ब्रश एकाच दिशेनं फिरवला, आणि काय सांगू, म्हातारी मखमल उठून बसली. केशरी रंग चमकायला लागला. मी एकटाच मोरीत उभा राहून हसत होतो. पन्नास वर्षं ही बाई हे सगळं करत होती आणि मी शेजारच्या खोलीत बसून "किती वेळ लागतो एवढ्याला" म्हणत होतो.

गुरुवारी सकाळी ऊन छान पडलं होतं. लव्हॉननं सांगितलं, "फेझंटचा अभ्रा पाण्यात घालू नकोस, व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला पातळ मोजा बांध आणि वरून फिरव. आतली पिसांची उशी उन्हात टांग. आईच्या हातची आहे हार्लन, जपून." मी मागच्या अंगणात दोरीवर आठही आतल्या उशा आणि आठही अभ्रे ओळीनं टांगले, कमरेवर हात ठेवून क्षणभर बघितले, आणि बँडेज, दूध, आणि लव्हॉनच्या वॉकरच्या पायांना लावायला टेनिसचे चेंडू आणायला बाजारात गेलो.

आता, आमच्याकडच्या पाच वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं की कुंपणापलीकडचं शेत कापायला आलं असेल तर दोरीवर रुमालसुद्धा टांगायचा नाही. मका कापताना जो लाल कोंडा उडतो तो डोळ्यात, नाकात, बंद कपाटातल्या कपबशीत जातो. आणि मी कोण? ज्यानं चाळीस वर्षं त्याच यंत्रांच्या पोटातून तोच कोंडा उपसला, तो मी. परत आलो तेव्हा कुंपणापलीकडच्या शेतवाल्या कुइपरचा हार्वेस्टर कुंपणाला घासून वळत होता, वारा दक्षिणेचा होता, आणि माझ्या उशा गुलाबी-तपकिरी झाल्या होत्या. कुइपरनं वरून हात हलवला. मीही हलवला. आणखी काय करणार?

फोन करायची छाती झाली नाही. मला माझ्या पद्धतीनं एक उपाय ठाऊक होता. वर्कशॉपमधून हवेचा कॉम्प्रेसर ओढत आणला. यंत्राच्या जाळीतला कोंडा आम्ही असाच उडवतो. अभ्र्यांवर लांबून हवा मारली, कोंडा भुर्रकन उडाला. भोपळे स्वच्छ. टर्की स्वच्छ. मला वाटलं, बायका उगाच दिवस घालवतात. मग म्हातारीच्या पिसांच्या उशीजवळ गेलो आणि नळी जवळ धरली. साठ वर्षांची शिवण ती. फट् असा आवाज झाला.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. सासूबाईंची सगळी बदकं एकाच वेळी आकाशात गेली. पिसं वर गेली, थोडा वेळ तिथेच थांबली, आणि मग गवतावर, सफरचंदाच्या झाडावर, छपराच्या पन्हळीत, माझ्या ओठांवर उतरली. हातात नुसती पट्ट्यापट्ट्यांची रिकामी पिशवी राहिली. मी गवतावर बसलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, जनेलचंच बरोबर आहे. मला घर चालवता येत नाही. मला उशी चालवता येत नाही.

"हार्लन," कुंपणाच्या फाटकातून आवाज आला, "हा बर्फ एकट्या तुझ्याच अंगणात का पडतोय?"

बर्डीना उभी होती. हातात फोन.

"जनेलला सांगणार आहेस?" मी विचारलं. लेकीनं तिला नंबर देऊन ठेवलाय हे मला माहीत होतं. काही वेगळं दिसलं तर कळवा, म्हणून.

"सकाळीच तिचा फोन आला होता. सांगण्यासारखं काही नव्हतं." तिनं सगळ्या अंगणावर नजर फिरवली. "आता आहे."

मग ती जवळ आली, माझ्या डोक्यावरचं एक पीस काढलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती. इतकी हसली की तिला सफरचंदाचं खोड धरावं लागलं, आणि तिच्याकडे बघून मलाही आवरेना. लव्हॉन पडल्यापासून मी इतका हसलोच नव्हतो.

"ऊठ," ती डोळे पुसत म्हणाली. "वर्कशॉपमधला तो कचरा ओढायचा व्हॅक्यूम आण. आतलं पोट धुऊन कोरडं कर, नवी पिशवी लाव. आणि वारा आणखी वाढायच्या आत आण, गाढवा!"

आम्ही दोघांनी दुपारभर पिसं वेचली. म्हणजे मी वेचली; बर्डीना बागेतल्या खुर्चीवर बसून काठीनं दाखवत होती. "तिथे. पन्हळीत. अरे ते पीस नाही, पक्ष्याची शीट आहे." मग पिसं झोपायच्या एका जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून तोंड शिवून टाकलं, थोडासा साबण, थंड पाणी, दोनदा खळबळून काढलं, शेवटच्या पाण्यात अर्धा कप व्हिनेगर. ड्रायर मंद आचेवर लावला आणि आत वॉकरचे टेनिसचे चेंडू टाकले, म्हणजे ते आपटून पिसांचे गोळे फोडतात. धडाम धडाम धडाम. दर अर्ध्या तासानं बाहेर काढायचं, बोटांनी चाचपायचं, गोळा लागला की फोडायचा. एक जरी ओला गोळा आत राहिला तर उशी कुजते, बर्डीनानं दहादा बजावलं.

शुक्रवारी ती नवी पट्ट्यांची पिशवी शिवून घेऊन आली, बरोबर हॅम घातलेले बन, आणि काखेत एक उशी. पिसं भरून पाहिलं तर फेझंटचं पोट खपाटीला गेलेलं. पाव हिस्सा पिसं कुइपरच्या शेतात राहिली होती.

"आतली उशी अभ्र्यापेक्षा दोन बोटं मोठी लागते, तर ती फुगून बसते," ती म्हणाली, आणि काखेतल्या उशीची शिवण उसवायला लागली.

"ही तुझ्या बिछान्यातली ना?"

"विल्मरची. अकरा वर्षं माझ्या शेजारी नुसती पडून आहे. रोज रात्री फुगवून ठेवते आणि रोज सकाळी तशीच असते." तिनं मूठभर पिसं फेझंटात कोंबली. "त्याला शिकारीचा नाद होता. फेझंटाच्या पोटात बसायला त्याची हरकत नसणार."

मी म्हणालो, "बर्डीना, तू फार चांगली आहेस." तिनं सांगितलं की तोंड बंद कर, पिसं उडतात.

संध्याकाळी आठही उशा सोफ्यावर गेल्या. लव्हॉन फोनवरून मांडणी सांगत होती: मोठ्या कडेला, लहान पुढे, चेन सगळ्यांची खाली, टर्कीचं तोंड दाराकडे. पिसांचं प्रकरण मी तिला सांगितलं नव्हतं. मग फटक्याची वेळ आली.

"हळू!" बर्डीना ओरडली. "कोंबडी मारतोयस का?"

तिसऱ्या खेपेला मखमली भोपळ्याचे दोन कान उभे राहिले. हेन्रिएटासुद्धा फोनवरून ओरडली, कशासाठी ते तिलाही माहीत नव्हतं.

शनिवारी अकराच्या सुमारास गाडी आली. लव्हॉन वॉकर घेऊन एकेक पाऊल टाकत आत आली, दारात थांबली, सोफ्याकडे बघितलं. मग माझा गाल थोपटला. तिला मी उंच खुर्चीवर बसवलं. जनेलनं घर तपासलं. फ्रीज उघडला, गोळ्यांचा डबा पाहिला, न्हाणीघरातले दांडे ओढून बघितले. मग सोफ्यापाशी आली. एक भोपळा उचलला, उलटा केला, चेन पाहिली, नाकाला लावला.

"व्हिनेगर?"

"शेवटच्या पाण्यात अर्धा कप," मी म्हणालो.

"हे कुणी केलं?"

"मी नुसती बोलत होते," लव्हॉन म्हणाली. "हात त्याचे."

जनेलनं माझे हात पाहिले. साबणानं बोटांना भेगा पडल्या होत्या. मग तिनं जन्मात न केलेली गोष्ट केली: उशा न उचलताच सोफ्यावर बसली. सरळ फेझंटावर रेलली. लव्हॉनचं तोंड उघडं राहिलं.

"बर्डीनानं मला गुरुवारीच फोन केला होता," जनेल डोळे मिटून म्हणाली. "कॉम्प्रेसर, पिसं, सगळं सांगितलं."

"कसली पिसं?" लव्हॉन म्हणाली.

"नंतर सांगतो," मी म्हणालो. "मग? काय म्हणाली ती?"

"म्हणाली, तुझ्या बापाला घेऊन गेलीस तर मला एवढं हसवणार कोण? आणि म्हणाली, बेटा, पडायचं ते माणूस लिफ्टमध्येही पडतं. बघायचं ते एवढंच की आवाज ऐकून कोण धावत येतं." पुढचं वाक्य तिनं पुरं केलं नाही. पहाटे निघाली होती ती, आणि सहा आठवडे नीट झोपली नव्हती. तोंड उघडं टाकून, आजीच्या फेझंटावर गाल ठेवून, मुख्याध्यापिका घोरायला लागली.

मी लव्हॉनकडे बघितलं. लाळ लोकरीवर उतरत होती.

"झोपू दे तिला," लव्हॉन कुजबुजली. "थंड पाण्यानं निघतं."

तासाभरानं जनेल उठली, कॉफी प्यायली, आणि तळघराच्या दाराकडे गेली. मी उठलो, तर म्हणाली, "बस, डॅड." खाली खडखडाट झाला. मग ती एक पेटारा छातीशी धरून वर आली आणि स्वयंपाकघराशेजारच्या तिच्या जुन्या खोलीत नेऊन ठेवला. पेटाऱ्यावर लव्हॉनच्या अक्षरात लिहिलं होतं, ख्रिसमस.

लव्हॉननं माझा हात धरला.

जनेल परत खाली गेली. हिमपुरुष आले, म्हणजे जानेवारी. मग बदाम, फेब्रुवारी. मग आयरिश सणाची हिरवी पानं, मार्च. लव्हॉनची बोटं प्रत्येक पेटाऱ्याला माझ्या तळव्यात रुतत होती, आणि ती आवाज न करता ओठांनी महिने मोजत होती. ससे वर आले. मग पावलं थांबली. आम्ही दोघं श्वास धरून बसलो. ईस्टरपर्यंत, मी मनात म्हणालो, ईस्टरपर्यंत तरी मिळालं.

पायऱ्या पुन्हा वाजल्या. जनेलच्या केसांत कोळ्याची जाळी लागली होती आणि हातात फुलांच्या उशांचा पेटारा होता.

"हा शेवटचा," ती धापा टाकत म्हणाली. "मागच्या भिंतीला सरकला होता. आता या दाराला मी कुलूप लावणार आहे आणि किल्ली बर्डीनाकडे देणार आहे. तळघरात तुम्ही दोघांनी पाय ठेवायचा नाही, ऐकलं का? सोमवारी त्या अपार्टमेंटवाल्यांना नको म्हणून कळवते."

ती पेटारा ठेवायला आत गेली. लव्हॉन माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"मे," ती म्हणाली. "हार्लन, मे आला."

मीही रडलो. त्यात लाज कसली?